कातळावरची भाजी

आमच्या परसदारी पहार मारली की दीड वितीवर ठण्ण आवाज येतो. खाली जांभा. गुहागर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, कारण हा दगड पाणी धरून ठेवतच नाही. माती काय ती खाली मळ्यात, भाताच्या खाचरांत. घराभोवती नारळ, चार केळी, कढीपत्ता आणि न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू. बाकी भाजी विकत आणायची, आणि बाजार म्हणजे चिपळूण.

चिपळूणला तरी ती कुठून येते? घाटावरून. कराड-पाटणच्या बाजूने कुंभार्ली घाट उतरून टेम्पो येतात आणि मग आमच्यासारख्या वाड्यावस्त्यांवर फिरतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि अख्खी पेठ बुडाली. पुढे बरेच दिवस आमच्या वाडीत भाजीवाला फिरकला नाही. उपाशी कोणी राहिलं असं नाही. डब्यात कडवे वाल होते, राखेत घोळवून ठेवलेल्या आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, होत्या, सुकट होती. रानात टाकळा जून झाला होता, पण कुर्डू मिळत होती. सासूबाई तर मजेत होत्या. "आमच्या वेळी पावसात भाजी विकत कोण आणीत होता?" मला मात्र ते लागलं. कारण त्यांच्या वेळी मागच्या अंगणात मांडव असायचा, आणि आमच्या वेळी तिथे दुचाकी उभी असते.

जमीन खाली खणता येत नसेल तर वर चढवायची, असा साधा हिशोब केला. पडलेल्या गोठ्याचे चिरे मागे रचून ठेवलेले होते, ते कामाला आले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते एकाला एक भिडवून मांडले. वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच. रुंदी तीन फुटांच्या वर नेऊ नका, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात एकदा पाय पडायला लागले की माती दबते, मग तो वाफा कसला, तो ओटा. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट. सासूबाईंना वाकवत नाही, म्हणून कडेच्या एका वाफ्याला चिऱ्यांचा आणखी एक थर चढवला. त्या स्टुलावर बसून त्याची खुरपणी करतात आणि आमच्या बाकीच्या सहा वाफ्यांवर टीकाही.

असे सात झाले. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आमचे सातही वाफे मिळून २१०. गुंठ्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोळकर पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं असं मांडायचे, पण त्यात धान्य, फळं, सगळंच आलं. आम्ही चौघं, मी, हे, सासूबाई आणि धाकटा. आमची धाव फक्त भाजीपुरती. हा फरक डोक्यात ठेवलेला बरा असतो, नाहीतर माणूस वाफ्याकडून फार मागायला लागतो.

खरी मेहनत वाफा बांधण्यात नाही, भरण्यात आहे. एका वाफ्याला तीस घनफूट माल लागतो. सातांना मिळून दोन ब्रासच्या वर. एवढी माती विकत घेणं परवडत नव्हतं, आणि मळ्यातली उपसावी तर भात कुठे लावायचा? म्हणून मातीचा वाटा कमीत कमी ठेवला. सगळ्यात खाली नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं), उताणी, म्हणजे पाणी धरतात. त्यावर काटक्या आणि चिरलेले केळीचे खुंट. मग पातेरा. आमच्याकडे माघ-फाल्गुनात ऐन, किंजळ, काजू, आंबा यांचा पातेरा पायलीला पन्नास. फुकटचा, फक्त झाडून आणायचा. त्यातलं आंब्याचं पान फार चिवट, लवकर कुजत नाही. म्हणून मध्ये मध्ये उंदीरमारीचा, म्हणजे गिरिपुष्पाचा, ओला पाला. तो आठवड्यात काळा पडतो आणि बाकीच्यांनाही कुजवत नेतो. त्यावर शेणखत, आणि सगळ्यात वर थोडी माती. ती तेवढी मळ्याच्या बांधावरून आणली.

कोरडा पातेरा तसाच घातला की इथे वाळवी आलीच. म्हणून घालण्याआधी तो शेण, गोमूत्र आणि काळा गूळ कालवलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा. दीपक सुचदे यांच्या अमृतमिट्टीच्या पद्धतीत पाला असाच भिजवून रचतात. आम्ही तेवढा भाग उचलला. शेजारच्या गोठ्यातून बादलीबादलीने गोमूत्र आणताना पहिले दोन दिवस लाज वाटते, तिसऱ्या दिवशी आपणच विचारतो, आज कमी का?

वर चुलीची राख फिरवली. आमची तांबडी माती आंबट असते, राखेने ती थोडी वळणावर येते. राख जास्त झाली तरी वाईट, म्हणून चाळणीने भुरभुरवायची, ओतायची नाही.

भरलेला वाफा बसतो, हे आधी कळलेलं असावं. शिमग्याला काठोकाठ भरलेला वाफा गणपतीत चार बोटं खाली गेलेला असतो, आणि दुसऱ्या शिमग्यापर्यंत अर्ध्यावर. पाला कुजून माती होते तेव्हा ती चिमूटभरच होते. त्यामुळे दरवर्षी फाल्गुनात भरणीचं काम पुन्हा असतंच. त्याला आमच्याकडे आता सुट्टी नाही.

पहिला पाऊस आला आणि वाफ्याने आपलं मोल दाखवलं. मृगाच्या सरी कोसळत होत्या, वाटांमधून पाणी घोट्याएवढं वाहत होतं, आणि वर भेंडीची रोपं कोरड्या पायांनी उभी. सपाट जमिनीवर असती तर दोन दिवसांत पिवळी पडून गेली असती. भेंडी, मिरची, वांगी यांना पाऊस चालतो, पाण्यात उभं राहणं चालत नाही. भेंडीचं बी परभणी क्रांतीचं घेतलं होतं. तिला केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, कमी धरतो. वाफ्यांच्या मागच्या अंगाला चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांचा मांडव घातला आणि त्यावर पडवळ, शिराळी, कारली चढवली. पडवळ कोकण श्वेता आणि कारलं कोकण तारा, दोन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं. पडवळाचं फूल तुम्ही जवळून पाहिलंय का? दिवेलागणीला उमलतं. पांढऱ्या पाकळ्या आणि त्यांच्या कडा दोऱ्यादोऱ्यांच्या, कोणीतरी बसून झालर विणावी तशा. सकाळी नऊपर्यंत सगळं मिटलेलं. पुढे फळ धरलं की त्याच्या टोकाला सुतळीने खडा बांधायचा, नाहीतर ते वेटोळं घेतं. आमच्या धाकट्याचं आवडतं काम ते. मांडवाखाली पंधरा-वीस खडे लोंबत असतात, आणि वाकून न चालणाऱ्याच्या कपाळावर बसतात.

वेलवर्गीय भाजीला फळमाशी सोडत नाही. कोवळ्या कारल्याला टोचा मारते, आत अळ्या, फळ पिवळं पडून गळतं. आंब्याच्या बागांसाठी दापोली विद्यापीठाने रक्षक सापळा काढला, तो इकडे घरोघर माहीत आहे. फक्त वेलांना आंब्याची गोळी चालत नाही, क्यू-ल्यूरची, म्हणजे वेलांवरच्या माशीच्या नरांना ओढणाऱ्या वासाची, लागते. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. सापळ्यात नर मरतात, पण आधी टोचलेली फळं गोळा करून पुरलीच पाहिजेत. झाडाखाली तशीच राहू दिली तर सापळा लावूनही उपयोग नाही.

गोगलगायींचं काय सांगू. आषाढात रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडलं की वाफ्याच्या चिऱ्यांवर त्यांची मिरवणूक निघालेली. एका रात्रीत वांग्याच्या रोपांचे नुसते दांडे शिल्लक. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाटेत टाकून ठेवायचं, पहाटे उलटायचं. खाली पसाभर गोगलगायी जमलेल्या असतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. किळसवाणं काम आहे, पण औषध फवारून तीच भाजी संध्याकाळी चिरायची, हे त्याहून मला जमत नाही.

पालेभाजी पावसात वाफ्यावर करायची नाही, असं आता ठरवून टाकलंय. बांबूच्या कमानीवर प्लास्टिक टाकून करता येते, पण वारा ते प्लास्टिक नारळावर नेऊन ठेवतो. आणि गरज काय? त्याच दिवसांत टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू रानात आपोआप आहे. अळू आहे. वाफ्याने ते करावं जे रान करत नाही. हा हिशोब जमायला मला वेळ लागला, कारण मी मनात भाज्यांची यादी घेऊन बसले होते, आणि घरापुरती भाजी यादीने येत नाही, पंचांगाने येते. किती जागा आहे याला दुय्यम महत्त्व. पुढच्या महिन्यात ताटात काय पडणार आणि ते आत्ता जमिनीत आहे का, एवढाच प्रश्न.

ऋषिपंचमीला तर ही गोष्ट चक्क ताटातच दिसते. ऋषीची भाजी बैलाच्या कष्टाची नसावी म्हणतात, हाताने लावलेलीच हवी. एरवी त्या दिवशी बाजारात अळू-भोपळ्याचे वाटे लागतात आणि भाव गगनाला. आमच्या भाजीत आता अळू, भेंडी, शिराळं, पडवळ, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं मागच्या दारचं. सासूबाई म्हणाल्या, "ह्यात फक्त मीठ विकतचं." (चिंच शेजारची होती, ती त्यांनी धरली नाही.)

गणपती गेले की वाफ्यांचा खरा मोसम. पाऊस ओसरतो, ऊन कोवळं असतं, माती अजून ओली. लाल माठ, मुळा, मेथी, पालक, चवळई. यात एकच शिस्त महत्त्वाची: सगळं बी एकदम पेरायचं नाही. माठ पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येतो आणि आणखी आठवड्याभरात दांडे जून होतात. म्हणजे दहा फुटांचा अख्खा वाफा एकाच दिवशी पेरला, तर एक आठवडा सकाळ-संध्याकाळ माठ आणि पुढे तीन आठवडे काहीच नाही. त्यापेक्षा वाफ्याचे काठ्या टाकून तीन तुकडे करायचे आणि दर दहा दिवसांनी एक तुकडा पेरायचा. तिसरा पेरून होतो तोवर पहिला काढायला येतो. काढताना मुळासकट उपटायचा नाही. चार बोटं ठेवून कापला की पुन्हा फुटतो, दोन-तीन कापण्या मिळतात.

माठाचं बी मोहरीच्याही निम्मं. नुसतं पेरलं तर एका जागी गर्दी. बारीक वाळूत किंवा राखेत कालवून चिमटीने सोडायचं, वरून हात फिरवायचा, मातीने झाकायचं नाही. मुंग्या ते बी रांगेने पळवतात. राख असली की जरा थबकतात. पेरणीची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. "मा २" म्हणजे माठाचा दुसरा तुकडा. घरातल्या कोणालाही काही कळत नाही आणि त्यामुळे कोणी खोडतही नाही.

मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा, पण त्याचा पाला त्याआधीच खुडून भाजी होते. मेथी पसरट पेरली की महिन्यात जुडी. आणि अगदीच घाई असली तर मुंबईत किनाऱ्यावर वाळूत करतात ती समुद्रमेथी. बोटभर झाली की उपटायची. आमच्याकडे एका जुन्या पाटीत वाळू-माती घालून करते. जागा नसलेल्यांनी सुरुवात तिथून करायला हरकत नाही. वालाचं बी वाफ्याच्या कडेला टोकलं की पौष-माघात ओल्या शेंगा, आणि उरलेल्या वेलावर वाळवून पावसाळ्याच्या डब्यात.

टोमॅटोचं प्रकरण वेगळं. झाडं फुलावर आली, सुरेख दिसत होती. एक दिवस दुपारी एका झाडाने माना टाकल्या. पानं हिरवीच, पिवळेपणा नाही, किडा नाही. संध्याकाळी जरा सावरलं, दुसऱ्या दुपारी पुन्हा. चार दिवसांत संपलं, आणि मग शेजारचं. पाणी कमी पडलं म्हणून ह्यांनी जास्त घातलं, तर आणखी दोन गेली. गावात कृषी सहायक आले होते, त्यांना ओढून आणलं. त्यांनी मेलेल्या झाडाचा दांडा जमिनीलगत तिरका कापला आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टांगून धरला. "बघत राहा." दोन-तीन मिनिटं गेली आणि कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार पाण्यात सुटायला लागली. सरळ खाली. ते सगळे जिवाणू. जिवाणूजन्य मर. कोकणच्या आंबट, उबदार, ओल्या मातीत हा रोग फार, आणि झाडावर औषध चालत नाही. ते म्हणाले, निदान तीन वर्षं या वाफ्यात टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, यातलं काही लावू नका. सगळे एकाच घरचे. मका, माठ, चवळी चालेल. तेव्हापासून वाफ्यांना पाळ्या लावून दिल्या. वांगं-मिरची या वर्षी तिसऱ्यात असेल तर पुढल्या वर्षी सहाव्यात. टोमॅटो सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत, दुसरीकडची माती आणून. गोणीतलं झाड गेलं तर गोणी उचलून लांब नेता येते, हा त्यातला फायदा.

वानरांविषयी लिहिलं नाही तर कोकणातला वाचक हसेल. टोळी येते ती माणसं कामाला गेल्यावर, दहाच्या सुमारास. खातात थोडं, उपटतात फार. मुळा उपटून, चावा घेऊन, न आवडल्यासारखा टाकून देतात, ते बघून जास्त चीड येते. फटाके, गलोल, कुत्रा, सगळ्याला आठ दिवसांत सरावतात. उपाय एकच टिकला, मच्छीमारांची जुनी जाळी. दाभोळकडे बाद झालेली जाळी स्वस्तात मिळतात. वाफ्यांवर मांडव करून चारी बाजूंनी सोडली. पण पहिल्याच पावसात एके सकाळी जाळ्याच्या खालच्या कडेला एक धामण अडकलेली, पुरुषभर लांब, आणि सुटायच्या धडपडीत तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, तिच्या अंगात रुतलेला. ह्यांनी तिचं डोकं ओल्या गोणपाटाने झाकलं, शेजारच्या आबांनी शेपटाकडून धरलं आणि मी कात्रीने एकेक गाठ कापत गेले. जिथे तंगूस खवल्यांखाली गेला होता तिथे कात्रीचं टोक शिरत नव्हतं, मग नखं कापायचं नेलकटर आणलं. त्याने जमलं. सुटल्यावर ती क्षणभर तशीच पडून राहिली आणि मग पडवळाच्या मांडवाखालून सरळ निघून गेली. उंदीर खाणारी बाई ती, तिच्यावर राग कसला. तेव्हापासून जाळं जमिनीपासून हातभर वर. वानर खालून वाकून येत नाहीत असं नाही, पण आमच्याकडची अजून आली नाहीत. आणि जाळ्याबाहेरच्या वाफ्यात ते ज्याला हात लावत नाहीत असंच लावते: हळद, आलं, सुरण. कारल्यालाही ते तोंड लावत नाहीत, पण इतर वेलांच्या नादात ओढून काढतात.

फाल्गुनापासून सगळं उलटतं. जो उंचपणा पावसात वरदान असतो तोच उन्हाळ्यात मुळावर येतो. उंच वाफा चारी बाजूंनी सुकतो, आणि जांभ्याचे चिरे दुपारी असे तापतात की कडेच्या रोपांची मुळं शिजावीत. आबा मळ्यात आयुष्यभर भाजी करत आलेले, ते पहिल्या वर्षीच म्हणाले होते, "पावसात भाजीला वर बसवायची नि उन्हाळ्यात खड्ड्यात. तुम्ही तिला बारा महिने माडीवर ठेवलीत." आता उन्हाळ्यात सातातले तीनच वाफे चालू ठेवते. त्यांच्या मधोमध माती ओढून पन्हळ करते आणि रोपं त्या पन्हळीत. वर हातभर जाड पातेरा. मध्ये एकेक जुना मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरलेला, तोंडावर करवंटी. माठ भरून ठेवला की पाणी पाझरत राहतं, तीन-चार दिवसांनी पुन्हा भरायचा. वरून शिंपण्यापेक्षा निम्म्याहून कमी पाणी लागतं. करवंटी विसरायची नाही, नाहीतर डास. बाकीचे चार वाफे पातेऱ्याखाली झोपतात आणि त्यांची भरणी होते.

उन्हाळ्यात मग खायचं काय? चवळीच्या शेंगा, थोडी भेंडी, कच्चा फणस, कैरी, काजूचे ओले गर, केळफूल. वाफ्यातलं कमीच. तेव्हा घाटावरचा टेम्पो आला की मी पिशवी घेऊन जाते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आकड्यांचं विचाराल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारमार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाजी धरली आहे, बटाटा सोडून. चौघांना १.६ किलो, आठवड्याला अकरा किलोच्या पुढे. आमच्या वाफ्यांतून आणि मांडवावरून भर थंडीत आठवड्याला पाच-सहा किलो निघते, श्रावण-भाद्रपदात वेल जोरात असले तर त्याहून थोडी जास्त, वैशाखात किलो-दीड किलो. म्हणजे संस्थेच्या मापाने आम्ही निम्म्यावर. पण आधी आम्ही विकत आणून तरी कुठे तेवढी खात होतो? गणपतीपासून शिमग्यापर्यंत कांदा, बटाटा आणि लसूण सोडून क्वचितच काही विकत येतं. पहिल्या वर्षी जाळं, मातीची वाहतूक आणि बियाणं धरलं तर ती भाजी बाजारापेक्षा महागच पडली. नंतर खर्च जवळजवळ नाही. बी आम्ही धरतो: माठाचा एक दांडा उंच वाढू द्यायचा, पडवळाचं आणि काकडीचं बी ओल्या शेणात कालवून भिंतीवर थापायचं. सासूबाईंची पद्धत, त्याला कीड लागत नाही.

वाफ्यापेक्षा स्वयंपाकघर बदलणं जड गेलं. पूर्वी सकाळी ठरायचं की आज फ्लॉवर-बटाटा. आता आधी मागे जाऊन बघायचं आणि मग ठरवायचं. भाद्रपदात रोज पडवळ: डाळ घालून, पीठ पेरून, वालासोबत, भरून, दह्यातली कोशिंबीर, आणि पडवळाच्या बियांची चटणी. धाकटा ताटाकडे बघून म्हणतो, "आज काय, लांब भाजी का?" उरलेली शेजारीपाजारी जाते. तिकडून कधी कोकमं येतात, कधी खाडीच्या कालवांचा वाटा. मासळी धुतलेलं पाणी मिरचीला घालते. मिरची झकास येते, फक्त त्या संध्याकाळी वाडीतली सगळी मांजरं तिसऱ्या वाफ्यावर सभा भरवतात.

कोथिंबिरीने मात्र दाद दिलेली नाही. थंडीत धणे हलके रगडून, रात्रभर भिजवून पेरले की आठ-दहा दिवसांत उगवतात आणि छान येते. पावसात कुजते, उन्हाळ्यात पानं धरायच्या आत फुलावर जाते. या पावसाळ्यात पडवीच्या पागोळ्यांच्या आत, जिथे दुचाकी असते तिथे, दोन पाट्या ठेवून बघणार आहे. दुचाकी हलवायला हे अजून तयार नाहीत.